जहाजावरील कुटुंब आणि एका दिवसाचा किनारा
(मंडळाच्या गडचिरोली येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला नेमून दिलेला विषय जाहीर होताच आपणांपैकी काहींच्या मुखावर स्मित उमटले, ते मी येथून पाहिले. ज्या जिल्ह्याची सुमारे तीन चतुर्थांश भूमी अरण्याने व्यापलेली आहे, आणि जेथून समुद्र गाठावयाचा म्हणजे आगगाडीत एक अख्खी रात्र काढावी लागते, तेथे बसून सागरसफरीतील एक दिवस कोणत्या किनाऱ्यावर घालवावा याची चर्चा करावयाची, हा प्रकार प्रथमदर्शनी विनोदीच वाटणार. तथापि गेल्या काही वर्षांत आपल्या ज्ञातिबांधवांची मुले पुण्यामुंबईस स्थिरावली आहेत, आणि आईवडिलांना एकदा जहाजावर न्यावे अशी त्यांची इच्छा असते. येत्या हिवाळ्यात काही कुटुंबे मिळून जाण्याच्या विचारात आहेत. त्यांच्यात तिकिटाविषयी मतभेद नाही; मतभेद आहे तो उतरावयाचे कोठे याविषयी. म्हणून हा विषय.

ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून समुद्रप्रवासाची चर्चा व्हावी यातही एक मौज आहे. एके काळी अशा संस्थांपुढे समुद्राचा प्रश्न येई तो केवळ बहिष्काराच्या रूपाने. १८८८ साली मोहनदास गांधी विलायतेस निघाले तेव्हा त्यांच्या मोढ वणिक ज्ञातीच्या मुंबईतील पंचांनी त्यांना जातीबाहेर टाकले. त्याआधी पाच वर्षे, १८८३ साली, आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी एकट्या अमेरिकेस गेल्या, तेव्हा महाराष्ट्रात केवढे काहूर उठले होते! आज त्याच प्रकारच्या सभेत आपण आजीबाईंना समुद्रावर न्यावे कसे हे विचारीत आहोत. काळ पालटतो तो असा.

आणि आपला प्रांत जहाजांना अगदीच परका होता असेही नाही. गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात सर आर्थर कॉटन यांनी गोदावरीतून आगबोटी वर आणण्याची योजना मांडली. समुद्रापासून गोदावरी, तेथून प्राणहिता, पुढे वर्धा, आणि मग वऱ्हाडचा कापूस पाण्यावाटे थेट पूर्व किनाऱ्यास, असा तो बेत होता. कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे काम चालले. वाटेत खडकांचे तीन मोठे अडसर होते: पहिला दुम्मागुडेम येथे, दुसरा सिरोंच्याजवळ एंचमपल्ली येथे आणि तिसरा आपल्याच प्राणहितेवर देवलमरी येथे. अखेर १८७१ साली सरकारने ते काम सोडून दिले, आणि आगबोट काही या भागात नियमितपणे आली नाही. सिरोंचा हे त्या वेळी अपर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे होते, ही गोष्ट आज सिरोंचावासीयांनाही क्वचितच ठाऊक असते. असो. जहाज आपल्याकडे आले नाही, तेव्हा आता आपणच जहाजाकडे निघालो आहोत.

अशा सफरीचे स्वरूप ज्यांना परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया कंपनीच्या जहाजाच्या मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या सुरू झाल्या. मार्ग आणि वेळापत्रक ऋतुमानाप्रमाणे बदलते, म्हणून ते ज्या त्या वर्षी पाहून घ्यावे. जहाज बहुधा रात्री चालते आणि दिवसा एखाद्या बंदरात थांबते. राहणे, जेवणे, निजणे सारे जहाजावरच. किनाऱ्यावरचा दिवस तेवढा वेगळा, आणि तो कसा घालवावयाचा याची निवड प्रवाशाने करावयाची असते. कंपनी स्वतः काही सहली आखते, त्यांचे शुल्क निराळे; किंवा आपण आपले उतरून टॅक्सी करून जावे.

येथे पहिली फसगत होते ती वेळेच्या हिशेबात. समजा, जहाज सकाळी आठ वाजता धक्क्याला लागले आणि सायंकाळी पाचला सुटणार आहे. आपण म्हणतो, नऊ तास मिळाले. प्रत्यक्षात ते मिळत नाहीत. जहाज लागल्यावर कागदपत्रांचे सोपस्कार होईपर्यंत कोणी उतरत नाही. मग शेकडो माणसे एका शिडीने उतरतात. मग बंदराच्या फाटकापर्यंतचे अंतर, मग वाहनाची घासाघीस. यात दीड तास सहज जातो. जहाज सुटण्यापूर्वी निदान अर्धा-एक तास सर्वांनी परतलेले असावे लागते, आणि त्यापूर्वीचा अर्धा तास आपल्या जिवाच्या धाकधुकीसाठी राखून ठेवावा. उरले सहा तास. त्यांतून जाण्यायेण्याचे वजा करा, जेवणाचा तास वजा करा; लहान मूल बरोबर असेल तर त्याचे कपडे बदलणे, त्याचे हरवलेले पायताण शोधणे हेही वजा करा. रेतीवर निवांत बसावयास मिळाले तीन तास, तर कुटुंब भाग्यवान. एस. टी. सुटली तर दुसरी मिळते. जहाजाचे तसे नाही. कंपनीच्या सहलीची गाडी अडकली तर जहाज साधारणतः तिच्यासाठी थांबते. आपण स्वतंत्र गेलो तर ते आपल्यासाठी थांबत नाही, आणि पुढचा प्रवास आपल्या खर्चाने करावा लागतो. एवढ्यासाठी मी असे म्हणेन की स्वतंत्र जावयाचे तर जवळ जावे. लांब जावयाचेच असेल तर कंपनीच्या गाडीने जावे.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. किनारा कोणाच्या मापाने निवडावयाचा? बारा-चौदा माणसांचे कुटुंब असले म्हणजे निवड सहसा तरुण मंडळी करतात, कारण भ्रमणध्वनीवर छायाचित्रे तेच पाहतात आणि नावनोंदणीही तेच करतात. छायाचित्रात निळे पाणी असते, शुभ्र रेती असते, माडाची झाडे असतात. पण धक्क्यापासून त्या रेतीपर्यंत पायऱ्या किती, रेतीत चालावयाचे किती, सावली कोठे आहे, स्त्रियांना जाण्यायोग्य स्वच्छतागृह आहे की नाही, हे छायाचित्रात दिसत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की कुटुंबात ज्याचे पाऊल सर्वांत मंद, त्याच्या पावलाने किनारा मापावा. तरुण माणूस कोणत्याही किनाऱ्यावर आनंद मिळवील. गुडघे धरलेल्या आजींना मात्र एखाददुसराच किनारा साधणारा असतो.

आणि येथेच आपल्या घरांतून एक गोष्ट हमखास घडते. सर्वांच्या देखत विचारले असता आजी म्हणते, "तुम्ही जा बाप्पा, माझं काय, मी बसते जहाजावरच." मुले म्हणतात, आजीची इच्छाच नाही. भगिनींनो, आपणांस ठाऊक आहे की हा नकार इच्छेचा नसतो. आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होईल, टॅक्सीचा खर्च वाढेल, पाय घसरला तर सुनेला दोष लागेल, वाटेत लघवीला जावे लागेल आणि ते कोणाला सांगावे, असे चार विचार त्या एका वाक्याच्या पाठीशी उभे असतात. ज्या बाईने आयुष्यभर धानाच्या बांधीत चिखल तुडविला, मोहफुलाच्या दिवसांत पहाटे उठून रान गाठले, जिने मार्कंड्याच्या यात्रेपलीकडे मोठे पाणी पाहिले नाही, ती समुद्राला पाय लावण्यापासून चारशे पावलांवर येते आणि केबिनच्या खिडकीतून तो पाहून परत जाते. मग एवढ्या लांब तिला नेले कशासाठी? म्हणून तिला सर्वांदेखत विचारू नये. मुलीने किंवा नातीने आदल्या रात्री एकटीने विचारावे, आणि "येणार का?" असे न विचारता "काय सोयीचे होईल?" असे विचारावे. उत्तर निराळे येते, हे मी खात्रीने सांगतो.

गोव्याचे उदाहरण घेऊ, कारण पुष्कळांचा पहिला मुक्काम तोच असतो. मोठी जहाजे मुरगाव बंदरात लागतात. गोव्याचे नाव काढताच मुलांच्या तोंडी कळंगुट येते. नकाशा पाहा: मुरगावहून कळंगुटास जावयाचे म्हणजे झुआरी ओलांडावयाची, मग पणजीपाशी मांडवी ओलांडावयाची आणि तेथून पुढे बारदेशात शिरावयाचे. हंगामात त्या रस्त्यावर वाहनांची रांग लागते. तीन तासांच्या रेतीसाठी तीन तास गाडीत! तरुण मित्रमंडळींनी जावे. आजीआजोबांसह मी तरी जाणार नाही. मिरामारला केवळ झुआरी ओलांडावी लागते. तेथे मांडवीच्या मुखाशी बसावयास प्रशस्त जागा आहे, सपाट रस्ता आहे, भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आहे. पोहण्यासाठी ती जागा नव्हे, पण ज्यांना पोहावयाचेच नाही त्यांना उत्तम. सासष्टीतील कोलव्याची पुळण लांबच लांब आणि रुंद आहे, वाटेत मोठी नदी नाही. मात्र रस्त्यापासून पाण्यापर्यंत मऊ रेतीतून चालावे लागते, आणि मऊ रेती गुडघ्यांची वैरीण. बोगमाळे हा विमानतळाजवळचा लहानसा, वाकणाचा किनारा मुरगावपासून सर्वांत सोयीचा. त्याची छायाचित्रे फारशी नेत्रदीपक येत नाहीत. पण सकाळी उतरून तेथे गेलेले कुटुंब दुपारी जहाजावर जेवावयास परत येऊ शकते, आणि ज्यांचा उत्साह शिल्लक असेल ते पुन्हा जाऊ शकतात. ही सोय लहान नव्हे.

लक्षद्वीपची गोष्ट सर्वस्वी निराळी आहे. छत्तीस बेटे, त्यांपैकी वस्ती दहांवर, आणि साऱ्यांचे मिळून क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर. आपल्या एखाद्या वनपरिक्षेत्राहूनही हा प्रदेश लहान! तेथे मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. ते खोल पाण्यात उभे राहते आणि प्रवाशांना लहान बोटींत उतरवून बेटावर नेतात. कोकणातल्या जुन्या माणसांना यात नवल वाटणार नाही. मुंबईहून कोकणपट्टीला जाणाऱ्या आगबोटी पुष्कळ बंदरांत अशाच दूर उभ्या राहत, आणि पडावातून उतारू किनाऱ्यास नेत. हलत्या जहाजातून हलत्या होडीत पाऊल टाकावयाचे असते. दोन खलाशी हात धरतात, लाट वर आली की पाऊल उचलावयाचे. धडधाकट माणसाला क्षणाचे काम. ज्याचा तोल जातो त्याला कठीण. समुद्र खवळलेला असला तर उतरणेच रद्द होते, आणि त्याबद्दल कोणाशी भांडून उपयोग नसतो.

पण एकदा बेटावर पाऊल पडले की तेथल्यासारखे पाणी मुलांसाठी अन्यत्र नाही. प्रवाळांची नैसर्गिक भिंत बाहेरच्या लाटा अडविते आणि आत तळ्यासारखे उथळ, संथ, पारदर्शक पाणी राहते. वृद्धेलाही घोटाभर पाण्यात उभे राहून मासे पाहता येतात. म्हणून उतरण्याचा प्रसंग जमणार असेल, तर वृद्ध आणि बालके यांच्यासाठी गोव्याच्या लाटांपेक्षा मी हे पाणी पसंत करीन. मात्र तेथे जाण्यास शासनाचा परवाना लागतो. कंपनी तो बहुधा मिळवून देते, पण आपली ओळखपत्रे आपणच वेळेवर द्यावयाची असतात. आणि आधारपत्रावरचे नाव एक, तिकिटावरचे दुसरे, हा घोटाळा आपल्याकडील स्त्रियांच्या माहेर-सासरच्या नावांमुळे वारंवार होतो, तो आधीच पाहून ठेवावा. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलून आणणे हा तेथे गुन्हा आहे. मुलांना निक्षून सांगावे. बेटावरील बहुतेक लोक मुसलमान धर्माचे, मलयाळम बोलणारे, मितभाषी आणि सोज्ज्वळ आहेत. गावातून जाताना अंगभर वस्त्र असावे. आपल्या गावात परका आला तर आपण जी अपेक्षा करू, तीच.

आता पाण्याविषयी थोडे विस्ताराने बोलणे मला भाग आहे. आपली मुले वैनगंगेत, कठाणीत, इंद्रावतीत पोहावयास शिकलेली असतात, आणि म्हणून समुद्र पाहताच त्यांना अंगी बळ संचारल्यासारखे होते. नदीची विद्या समुद्रावर पुरी पडत नाही. नदी एकाच दिशेने ओढते. डोह कोठे, धार कोठे हे गावच्या ढिवराला विचारून कळते. समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, आणि उतरत्या पाण्याबरोबर माणूस आत ओढला जातो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले, ते ओहोटीच्या वेळी. ती सगळी तरुण मुले होती.

भरती-ओहोटीचा अंदाज आपल्या घरच्या पंचांगावरूनही बांधता येतो. कोकणातील लोकांचा जुना आडाखा असा की तिथीच्या अंकाला पाऊणने गुणावे, म्हणजे भरतीची स्थूल वेळ येते. अष्टमीस आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा. तेव्हा भरती सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. पंचमीस पावणेचार. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, त्याचेच हे गणित. अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. मुंबईस उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते. गोव्यास त्याच्या निम्म्याच्या आसपास. हा आडाखा स्थूल आहे, जहाजावर नेमकी वेळ विचारावी. पण सहलीची तारीख ठरविताना पंचांग उघडण्यास काय हरकत आहे? मुहूर्त पाहावयास ते उघडतोच!

दुसरा धोका याहून फसवा. सगळीकडे लाटा फुटत असतात आणि मध्येच एक पट्टा शांत दिसतो. अजाण मनुष्य नेमका तेथेच मुलाला घेऊन उतरतो. तो शांत पट्टा म्हणजे किनाऱ्यावर आलेले पाणी परत समुद्रात जाण्याची वाट असते. तीत सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर असे आडवे पोहत जावे, ओढ सुटली की मग बाहेर यावे. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमलेले आहेत. लाल निशाण असेल तेथे पाण्यात उतरू नये; लाल-पिवळ्या दोन निशाणांच्या मधल्या भागावर त्यांची नजर असते, तेथेच उतरावे. पावसाळ्यात तर समुद्रात पाऊलच घालू नये.

लहान बोटीत बसताना जीवरक्षक जाकीट सर्वांनी घालावे, आणि त्याचे बंद आवळावे. या बाबतीत आपल्याला दूरची उदाहरणे नकोत. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातील गणपूर येथे मिरची तोडण्यास पलीकडे निघालेल्या स्त्रियांचा डोंगा वैनगंगेत उलटला आणि सहाजणी बुडाल्या. त्या सहलीला नव्हे, मजुरीला निघाल्या होत्या. त्यांच्या अंगावर जाकीट असते तर? हा प्रश्न मी येथे विचारतो तो मंडळाच्या तरुण सभासदांनी मनावर घ्यावा म्हणून. नदीपार कामाला जाणाऱ्या आपल्या गावच्या डोंग्यांसाठी दहा-वीस जाकिटे घेणे मंडळाला जड नाही, आणि समुद्रसफरीस निघालेल्या कुटुंबांनी त्यात प्रथम हात घालावा अशी माझी सूचना आहे. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईच्या गेटवेहून घारापुरीस निघालेल्या प्रवासी बोटीवर दुसरी वेगवान बोट आदळून मनुष्यहानी झाली. तेव्हाही जाकिटांचाच प्रश्न पुढे आला. १९४७ च्या जुलैत 'रामदास' बोट रेवसच्या वाटेवर बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, त्याला आता पाऊणशेहून अधिक वर्षे होऊन गेली. आणि तरीही जाकीट घातले की उकडते, छायाचित्र बिघडते, अशा सबबी आपण सांगतच असतो.

खर्चाविषयी दोनच शब्द. महागडी सहल ती चांगली, असे नाही. पाण्यावरच्या यांत्रिक खेळांचे शुल्क सर्वांसाठी एकदम भरू नये. ज्यांना खेळावयाचे त्यांनी भरावे, म्हणजे बाकीच्यांना पैसे वसूल करण्यासाठी भीत भीत खेळावे लागत नाही. एकाच दिवशी सर्वांनी एकत्रच राहिले पाहिजे असाही आग्रह नको. सकाळी सर्व कुटुंबाने जवळच्या किनाऱ्यावर जावे, दुपारी वडीलधाऱ्यांनी जहाजावर विसावा घ्यावा आणि तरुणांनी पुन्हा उतरावे, ही वाटणी मला सर्वांत शहाणपणाची दिसते. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावरील, जहाजाच्या मध्यभागची केबिन घ्यावी; तेथे हेलकावे कमी जाणवतात.

ज्या कुटुंबांनी नावे दिली आहेत त्यांची यादी चिटणिसांपाशी आहे. सभा संपल्यावर प्रत्येक घरातील एका स्त्रीने आपल्या घरातील वडील माणसांच्या अडचणी, म्हणजे गुडघे, मधुमेह, दृष्टी, चढउतार, एका कागदावर लिहून त्यांच्याकडे द्याव्यात. किनारा ठरविण्याची बैठक त्यानंतरच घेऊ. ओळखपत्रांच्या प्रतीही त्याच वेळी आणाव्यात.